एक्केचाळिसावा दगड

शेवळांच्या दोन जुड्या पिशवीत टाकून तुळसाने पदराला हात पुसले आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली, तरी गोपीनाथ कर्णिक पिशवीचं तोंड उघडं धरून तसाच उभा राहिला. शनिवारच्या संध्याकाळी जांभळी नाक्यावर कोणी कोणाला उभं राहू देत नाही. मागून एक कोपर लागलं, एक हातगाडी पायाच्या बोटांना चाटून गेली, तरी तो हलला नाही. इतक्या वर्षांत जुडीबरोबरची मूठभर काकडं त्याला कधी मागावी लागली नव्हती. “काकडं?” त्याने शेवटी विचारलं. “यंदा काकडं नाय,” तुळसा त्याच्याकडे न बघता म्हणाली. “झाड तुमच्यात गेलं.”

तुमच्यात. सरकारात नाही, जंगलखात्यात नाही, तुमच्यात. जणू ते झाड मुळासकट उपटून त्याने नौपाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत पलंगाखाली नेऊन ठेवलं होतं. शेवळं म्हणजे जेठात डोंगराच्या मातीतून वर येणारे जांभळट कोंब. कायस्थांच्या घरी वर्षातून दोनदा शिजतात आणि बाकीचं वर्ष त्यांच्या गोष्टी चालतात. पण जात खाजरी. काकडांची हिरवी आंबट फळं वाटून त्यांचा रस घातला नाही, तर घसा आतून काथ्याने घासल्यासारखा होतो. म्हणून डोंगरातल्या बायका दोन्ही एकाच टोपलीतून आणतात, दुखणं आणि उतारा. यंदा नुसतं दुखणं आलं होतं. “उद्या सायेब येणार हाय वर, धाच्या सुमाराला,” तुळसा जुड्या बांधता बांधता म्हणाली. “दगड बघणार. तुमी या.” “मी येऊन काय करू?” “बोला. तुमीच रंग दिलाय त्याला. आमचं कोण ऐकतो?” शेजारी करवंदांची टोपली घेऊन बसलेल्या शेवंतीने मान वर केली आणि त्याला चपलेपासून टोपीपर्यंत पाहिलं. “हेच काय गं देव पांढरा करणारे?” “हेच,” तुळसा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, निदान रागावता तरी येतं.

तळ्याच्या काठाने घरी जाताना त्याने नेहमीप्रमाणे कठड्याचे खांब मोजले नाहीत. हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला जास्तच अस्वस्थ वाटलं. पिशवीतून ओल्या मातीचा वास येत होता. तोच वास, डोंगरातल्या पहिल्या रविवारचा. दोन वर्षांपूर्वी श्रमदानाची हवा होती तेव्हा दौलतरावांनी सेवा मंडळ काढलं. दौलतराव निवृत्त मामलेदार. निवृत्तीनंतर हुकूम सोडायला माणसं उरली नव्हती, आणि घरातली माणसं हुकमांना इतकी सरावली होती की ती ऐकेनाशी झाली होती. ठाण्याच्या पश्चिमेचा डोंगर राष्ट्रीय उद्यानात गेला होता. त्याच्या हद्दीवरचे जुने दगड झाडोऱ्यात बुडालेले होते. ते शोधायचे, भोवतालचं गवत कापायचं, दगडाला सफेदी द्यायची आणि त्यावर खोदलेला जुना नंबर काळ्या रंगाने पुन्हा घालायचा, असं काम दौलतरावांनी खटपट करून मंडळासाठी मिळवलं. पंधरा जण निघाले. एकाला वैद्याने चालायला सांगितलं होतं. एकाची सासू रविवारी मुक्कामाला येत असे. एकाला पुढेमागे निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि तोवर फोटोत उभं राहायचं होतं. एक जण खरोखरच राष्ट्रासाठी येत होता, तो तिसऱ्या रविवारी तापाने पडला. गोपीनाथला फक्त नंबर घालायचे होते.

बावीस वर्षं तो कचेरीत जावक कारकून होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर नंबर घालायचा, तो नोंदवहीत उतरवायचा, कागद सोडून द्यायचा. कागदात काय लिहिलं आहे हे त्याने कधी वाचलं नाही. कोणाची बदली, कोणाची जप्ती, ते ज्याचं त्याने वाचावं. आकडा मात्र तो मन लावून काढी. पहिल्या दगडावर ब्रशने १ काढला तेव्हा बाजूला झालेल्या दौलतरावांनी “वा” म्हटलं होतं, आणि कचेरीत बावीस वर्षांत कोणी वा म्हटलेलं त्याला आठवेना. मग रविवारमागून रविवार दगड सापडत गेले, कुठला वारुळात, कुठला निवडुंगात. आणि चाळीसनंतर एकदम बेचाळीस आला. एक्केचाळीस नव्हता. दोन रविवार त्याने सगळ्यांना कोयत्यांसकट फिरवलं. “अहो कर्णिक, एखादा राहिला तर राहू द्या,” दौलतराव दगडावर बसून घाम पुसत म्हणाले. “रामाच्या सैन्यातली वानरं कोणी मोजली होती का? सेतू झाला ना?” सगळे हसले. गोपीनाथही हसला, पण चाळीस आणि बेचाळीसच्या मधली ती रिकामी जागा त्याच्या दातात अडकून राहिली. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच.

त्याचे वडील कल्याणला एका कचेरीत होते आणि त्यांच्या हातून एक कागद गहाळ झाला होता. नंबर सातशे तेरा. खुलासे, जबाब, पुन्हा खुलासे, अकरा वर्षं. बढती गेली, मग बोलणं गेलं, शेवटी शेवटी भूक गेली. आळीत त्यांना सातशेतेरा कर्णिक म्हणत. शाळेतून येताना गोपीनाथला कोणी तरी हाक मारी, “काय रे, सापडला का?” वडील वारले तेव्हा त्यांचे जुने साहेब समाचाराला आले. चहाची बशी हातात धरून सहज म्हणाले, की तो कागद तसा तिसऱ्याच वर्षी मिळाला होता, आमच्याच घरच्या पेटीत निघाला. पण तोवर प्रकरण पुढे गेलं होतं, मग म्हटलं कशाला उगाच. गोपीनाथ एकोणीस वर्षांचा होता. त्याने आईकडे पाहिलं. आईने साहेबांना आणखी अर्धा कप चहा विचारला.

म्हणून तिसऱ्या रविवारी तो एकटाच पुढे गेला. दोन दगडांमध्ये साधारण दोनशे पावलं पडत. चाळिसावरून बेचाळिसाकडे नजर लावून तो सरळ रेषेत पावलं मोजत निघाला, आणि एकशे अठ्ठ्याण्णवाला समोर दगड उभा. गुडघाभर उंच, एका शेताच्या खालच्या बांधावर. जणू वाटच बघत होता. अंगावर तेलकट डाग आणि पावसाने धुतलेला तांबूस रंग. शेंदूर असावा असं त्याला वाटलं. मग गंज असावा असं त्याने ठरवलं. दगडाला गंज चढत नाही हे समजण्याइतका तो शिकलेला होता. पण आकडा जुळला की माणूस बाकीचं शिक्षण बाजूला ठेवतो. चाकूने खरवडलं, खोदलेला आकडा निघाला नाही, तरी त्याने सफेदीचे दोन हात दिले आणि ४१ काढला. त्यातला चार जरा जास्तच देखणा आला. इतर मंडळी पोहोचेपर्यंत वरच्या पाड्यातून बायामाणसं खाली आली होती. पुढे तुळसा. तिने दगडाकडे पाहिलं, मग गोपीनाथच्या हातातल्या ब्रशकडे, आणि ती चक्क हसली. “वाघोबाला रंग दिलात, बरं केलंत,” ती म्हणाली. “आमचा शेंदूर पावसात ऱ्हात नाय.” कोणी तरी नारळ आणला, दगडापुढे फोडला, आणि ठाण्याच्या पंधरा सुशिक्षितांच्या हातांवर खोबऱ्याचे तुकडे आले. तेव्हा सांगता आलं असतं. चुकलं, हा तुमचा देव, आमचा दगड नव्हे. पण गोपीनाथच्या तोंडात खोबरं होतं. आणि दौलतराव, “बघा, लोकांचा सहभाग,” असं म्हणत वहीत लिहूनही घेत होते.

पुढे त्याचं प्रशस्तिपत्रक झालं. हरवलेला सीमादगड क्रमांक एक्केचाळीस परिश्रमपूर्वक शोधून काढल्याबद्दल श्री. गोपीनाथ कर्णिक यांस. काचेच्या चौकटीत घालून त्याच्या बायकोने, चित्राने, ते भिंतीवर वडिलांच्या फोटोशेजारी लावलं. वाघबारसेला पाड्याने दगडाला शेंदूर फासला. पुढच्या रविवारी मंडळाने सफेदी दिली. होळीला पुन्हा शेंदूर, पुन्हा सफेदी. दोन्ही बाजूंना आपण दगडाची सेवा करतो असंच वाटत होतं, आणि दगड दोघांकडूनही घेत होता. इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण गेल्या दसऱ्यानंतर, गवत उंच असताना, गोपीनाथ लघवीसाठी म्हणून शेताच्या वरच्या अंगाला करवंदांच्या जाळीमागे गेला आणि त्याच्या पायाला ठेच लागली. शेवाळलेला दगड आडवा पडला होता. त्याने चपलेने शेवाळ खरवडलं. टाकीने खोदलेला चार, त्यापुढे एक. कोणा जुन्या मोजणीदाराने हद्दीची रेघ सरळ नेलीच नव्हती. शेताला वळसा घालून ती साठ पावलं वरून नेली होती. कोण जाणे, त्याला तिथे कोणी पाणी पाजलं असेल. खाली शेतात नाचणी पिवळी झाली होती आणि मधल्या काकडाच्या झाडावर पोपट भांडत होते. खालून दौलतरावांनी हाक मारली, “कर्णिक, आहात का गेलात?” गोपीनाथने दोन्ही हात घातले, गुडघा लावला आणि दगड उलटा केला. आकडा मातीत गेला. मग, धाप लागली होती म्हणून, तो त्याच्यावरच बसला आणि डब्यातली पोळी-भाजी त्याने तिथेच खाल्ली. ते श्रमदान तेवढं अहवालात गेलं नाही.

पौषात नाथा रखवालदाराने पाड्याला सांगितलं, की एक्केचाळीसच्या वर उद्यान. नांगर नाही, राब भाजणं नाही, फळ तोडायचं नाही. तुळसाचं शेत आणि झाड एक्केचाळीसच्या वर होतं.

“काकडं कुठेत?” पिशवी रिकामी करत चित्राने विचारलं. “नव्हती.” “शेवळं घेतलीत आणि काकडं नाहीत म्हणता? उद्या जिलबी आणाल आणि म्हणाल पाक संपला होता.” तिने जुडी उलगडून पाटावर मांडली, हाताला तेल लावलं. तिच्या या बोलण्याने एरवी घर हलकं व्हायचं. “चिंचेचा कोळ जास्त घालून बघते, सोडे आहेत. पण मला भरवसा नाही हं.” तो खुर्चीवर बसला. समोर चौकट. चित्रा रोज सकाळी आधी ती पुसायची, मग सासऱ्यांचा फोटो. क्रम कधी बदलला ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. “उद्या वर जायचंय,” तो म्हणाला. “साहेब येणार आहेत पाहणीला. पाड्याची हरकत आहे.” “मग तो करडा कोट घाला.” “डोंगरावर कोट?” “फोटो काढतील. मागच्या फोटोत तुम्ही दौलतरावांच्या मागे अर्धे होतात.” “चित्रा, समज, तो दगड,” तो म्हणाला. “कुठला?” “आपला.” “त्याला काय झालं?” तिने सुरी थांबवून मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर अशी धास्ती त्याने एकदाच पाहिली होती, लग्नानंतर कल्याणच्या आळीत कोणा म्हातारीने ‘सातशेतेराची सून का गं तू’ म्हणून विचारलं तेव्हा. “काही नाही,” तो म्हणाला. “परवाच दादाच्या बायकोला दाखवलं ते,” चित्रा पुन्हा चिरू लागली. “म्हटलं, पंधरा माणसांना सापडेना, ह्यांनी शोधला. गप्पच बसली.”

रविवारी पोखरणच्या तळ्यावरून चढताना दौलतराव काठी टेकत पुढे होते आणि कोटातल्या गोपीनाथच्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरत होता. आभाळ भरून आलं होतं. हवा हलत नव्हती. “साहेब रविवारी येतोय म्हणजे बघा,” दौलतराव म्हणाले. “आमच्या वेळी रविवारी साहेब फक्त शिकारीला जायचा. आणि कर्णिक, तुम्ही मुख्य साक्षीदार. नकाशात म्हणे त्या जागी शाई फुटली आहे. तुमच्या शब्दावर आहे सगळं.” गोपीनाथने विचारलं, “समजा, पाड्याचं म्हणणं बरोबर असलं तर?” दौलतराव थांबले. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शहाणा माणूस होता. त्यांनी कुठलाही प्रश्न विचारला नाही. “पंधरा जणांच्या सह्या आहेत अहवालावर,” ते म्हणाले. “तुमची पहिली आहे, एवढंच.” आणि चालू लागले. गोपीनाथने त्या साठ पावलांचा विचार केला. वर जायचं, जाळी बाजूला करायची, दगड उलटायचा. उलटायला दोन माणसं लागतील. एकट्याने तो उलटता येतो हे मग सांगावं लागणार नाही. ‘आत्ताच सापडला’ असं म्हणता येईल. हे सुचल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की त्याने कोटाची बटणं सोडली. खोटं बोलून खरं सांगायचं. सगळ्यांचंच भागत होतं. फक्त चौकट उतरली असती.

बांधावर तुळसा उभी होती, मागे पाड्यातली पाच-सहा माणसं, बाजूला खाकीत नाथा. जंगलखात्याचा साहेब तिशीचा, पातळ मिशीचा, उन्हाने लाल झालेला. त्याने नकाशा पसरून खड्यांनी दाबला. शेताच्या जागी रेघ मुंगीएवढी जाड झाली होती, आणि त्या जाडीत तुळसाचं अख्खं शेत बुडालं होतं. दगड शेजारीच उभा होता, अर्धा पांढरा, अर्धा शेंदरी, पोटावर ४१. “हा यांचा देव आहे म्हणतात,” साहेब म्हणाला. “देवावर नंबर कसा?” “तो ह्यांनी काढला,” तुळसा म्हणाली आणि गोपीनाथकडे वळली. आदल्या दिवशीसारखी नव्हे. आज ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. “सांगा सायबाला. तुमी आलात तवा काय होतं ते सांगा. बास.” साहेबाने पेन काढलं. “कर्णिक ना? तुमचं नाव वाचलंय मी. तुम्हाला हा मिळाला तेव्हा याच्यावर क्रमांक होता?”

गोपीनाथने वर पाहिलं. करवंदांची जाळी हिरवीगार होती, काकडाचं झाड फळांनी लगडलं होतं आणि तोडायला कोणी नसल्यामुळे फळं खाली पडून सडत होती. आंबट वास बांधापर्यंत येत होता. सापडला का रे, सापडला का. “अस्पष्ट होता,” त्याचा आवाज म्हणाला. आवाज त्याच्या वडिलांच्या साहेबासारखा आला, चहाची बशी धरल्यासारखा स्थिर. “म्हणजे होता.” “होता.” “याखेरीज या भागात दुसरा कुठला दगड आढळला?” दौलतराव खाडीकडे बघत होते. “नाही,” गोपीनाथ म्हणाला.

साहेबाने लिहिलं. तुळसाने काही वेळ गोपीनाथकडे पाहिलं, हिशेब चुकला की काय असं बघावं तसं, आणि मग ती दगडाकडे वळली. “नंबर आधीपासून होता,” ती हळूच म्हणाली. “म्हंजे इतकी वर्सं आमी नंबराला कोंबडं कापलं.” दौलतरावांना हसू आलं, साहेबालाही, नाथाने तोंडावर हात धरला. तुळसा हसली नाही. तिने गवताची मूठ उपटली आणि दगडाच्या अंगावरचा शेंदूर पुसायला लागली, सावकाश, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी, वरपासून खालपर्यंत. सफेदी ठेवली, आकडा ठेवला. पुसून झाल्यावर गवत टाकून दिलं आणि ती पाड्याच्या वाटेला लागली. बाकीचे तिच्यामागे गेले. दगड आता स्वच्छ दिसत होता. साहेब म्हणाला, फोटो घेऊ या. आणि गोपीनाथ या वेळी पुढे उभा राहिला, पूर्ण, बटणं लावून.

उतरताना खाडीपलीकडे कळव्याच्या बाजूची मिठागरं दिसत होती. पावसाआधी झाकायचे राहिलेले मिठाचे ढीग ओळीने पांढरे. गोपीनाथने ते मोजायला घेतले, चाळिसाच्या आत सोडून दिले.

दीड वाजता पान वाढलं होतं. शेवळांना सोड्यांचा वास छान सुटला होता, रंगही आला होता. “काय झालं वर?” चित्राने विचारलं. “दगड कायम झाला.” “कोट बरा दिसला ना?” “हो.” ती समाधानाने समोर बसली, पहिला घास तिने तोंडात घातला, चावला, आणि तिचा चेहरा बदलला. घाईघाईने पाणी प्यायली, मग गुळाचा खडा तोंडात टाकला. “मेलं हे केवढं खाजतंय. सांगितलं होतं मी, काकडांशिवाय नाही ते. ठेवा तुम्ही, खाऊ नका. बाहेर टाकते.” गोपीनाथ खात होता. घसा आधी चुरचुरला, मग आतून सगळीकडून सोलला गेला. कानांपर्यंत खाज चढली, डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात उचलला तर चित्राला दिसेल म्हणून त्याने मान खाली घातली आणि पोळीने ताट निपटलं. चित्रा बघत होती. “तुम्हाला नाही खाजत?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला, आणि ताट पुढे सरकवलं. “वाढ अजून.”